सात वाजताचा भोंगा आणि मोबाइलमधले पुस्तक

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. स्वयंपाकघरात ओट्याची आवराआवर चालू आहे. बाहेरच्या खोलीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा उशीला पाठ टेकून मोबाइलमध्ये डोके घालून बसला आहे. आई आतूनच म्हणते, "तो मोबाइल ठेव आता, आणि जरा अभ्यासाला बस." मुलगा मान वर न करता उत्तर देतो, "अगं आई, अभ्यासच करतोय!"

वाचकहो, हा संवाद आपल्या घरीही झाला असेल. त्यातली अडचण अशी की पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. मुलाच्या हातातील पडद्यावर खरोखरच अर्थशास्त्राच्या नोट्स उघडलेल्या असतात. आणि त्या चाळीस मिनिटांत त्याने आणखी चार ठिकाणी डोकावून घेतले, हेही तितकेच खरे असते. पूर्वी हातात पुस्तक असले की वाचन दारातूनच दिसत असे. कोणते पुस्तक, कितवे पान, पेंग येते आहे की मन रमले आहे, हे आईबापांना न विचारता कळे. आता अभ्यास, करमणूक, मैत्री आणि भांडण हे सारे एकाच काचेमागे गेले आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाकलेली मान तेवढी दिसते.

या काचेवर उपाय शोधण्याचा एक धीट प्रयत्न आपल्याच भागात झाला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. महासाथीच्या काळात शाळा मोबाइलवर आली. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, तरी मोबाइल काही मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने एक नियम केला. १५ ऑगस्ट २०२२पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे, ते साडेआठपर्यंत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. या गावाची बातमी परदेशातल्या वृत्तसंस्थांपर्यंत पोहोचली, आणि ती योग्यच होती. मोबाइल आवरण्याचे काम एकट्या मुलावर किंवा एकट्या आईवर न टाकता साऱ्या गावाने ते वाटून घेतले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

पण या भोंग्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले, तर एक निराळाच प्रश्न उभा राहतो. सातवीतील मुलगी त्या दीड तासात काय करील? बालभारतीचे छापील पुस्तक पुढे घेईल आणि वहीत उत्तरे लिहील. तिचा अभ्यास कागदावरच आहे. तिचा मोठा भाऊ कराडला, विट्याला किंवा सांगलीला एस.टी.ने जाऊन-येऊन पदवीचे शिक्षण घेत असेल, तर त्याचे काय? त्याच्या नोट्स वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पीडीएफ होऊन आलेल्या असतात. संदर्भग्रंथाची दोन प्रकरणे कोणीतरी मोबाइलनेच छायाचित्रे काढून पाठवलेली असतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोबाइलमध्ये, अभ्यासक्रम मोबाइलमध्ये, प्रात्यक्षिकाच्या सूचनाही तिथेच. मोबाइल बंद झाला की करमणुकीबरोबर त्याचे पुस्तकही बंद होते. म्हणून ‘अभ्यासासाठी मोबाइल बाजूला ठेव’ हा सल्ला देण्यापूर्वी, मोबाइल ठेवल्यावर वाचायला त्याच्यापाशी कागदावर काही आहे का, हे घराने एकदा पाहायला हवे.

सातारा आणि सांगली हे शिक्षणाचे जुने प्रांत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि सांगलीत वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र याच मातीतला. अशा भागात आजही घरातला पहिलाच पदवीधर होऊ घातलेली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यांना छापील पुस्तक आवडत नाही म्हणून ती मोबाइलवर वाचतात, असे समजणे अन्यायाचे ठरेल. दर सत्राला चार-सहा विषय असतात. प्रत्येकाचे क्रमिक पुस्तक, वर एखादा संदर्भग्रंथ, आणि तो इंग्रजी असला तर किंमत आणखी चढी. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या प्रती मोजक्या आणि मागणारे हात अनेक. अशा वेळी फुकट मिळणारी पीडीएफ म्हणजे मोठाच आधार असतो. अनेक महाविद्यालयांना एन-लिस्टसारख्या योजनेतून हजारो ई-पुस्तके आणि नियतकालिके खुली झाली आहेत. शोधगंगेवर देशभरातील प्रबंध वाचता येतात. खेड्यातील विद्यार्थ्याला एवढे भांडार पूर्वी कधीच खुले नव्हते.

आता विद्यार्थ्यांना स्वतःला काय आवडते, ते पाहू. नाओमी बॅरन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, जपान, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि भारत या पाच देशांतील चारशेहून अधिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला. मन सर्वांत एकाग्र कशावर होते, याला नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘छापील कागदावर’ असे उत्तर दिले. पुढे एकवीस देशांतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीतही बहुसंख्यांचा कौल अभ्यासाच्या मजकुरासाठी कागदालाच पडला. समाजमाध्यमांत वाढलेली पिढी असे सांगते, तेव्हा आपल्याला थोडे नवल वाटते. मग तीच मुले पडद्यावर का वाचतात? कारणे सगळी ओळखीची आहेत: पुस्तक महाग, पुस्तक जड, आणि मोबाइल तर खिशातच आहे.

आवड आणि आकलन यांत मात्र अंतर असते, आणि पालकांनी लक्ष द्यावे ते इथेच. मेरीलँड विद्यापीठात लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना काही मजकूर कागदावर आणि काही पडद्यावर वाचायला दिला. पडद्यावर मुलांनी अधिक भरभर वाचले. आपल्याला पडद्यावरचेच अधिक चांगले समजले, असेही त्यांनी सांगितले. प्रत्यक्ष तपासले तेव्हा मजकुराचा मुख्य आशय दोन्हीकडे सारखाच लक्षात राहिला होता. तपशील मात्र कागदावर वाचलेलेच जास्त आठवत होते. म्हणजे पडद्यावर वाचताना कळण्याच्या आधीच कळल्याची भावना येते. २०१८मध्ये स्पेन आणि इस्राएलमधील अभ्यासकांनी अशा चौपन्न अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांत सहभागी झालेल्यांची संख्या एक लाख सत्तर हजारांवर जाते. कागदाची आघाडी फार मोठी नव्हती, पण ती टिकून होती. गोष्टीरूप मजकुरात ती दिसत नव्हती. माहितीपर मजकुरात दिसत होती. वेळेचे बंधन घातले की ती वाढत होती. आणि २०००पासून २०१७पर्यंत मुले पडद्याला सरावत गेली, तरी ही आघाडी कमी होण्याऐवजी वाढतच गेली होती.

परीक्षेच्या आदल्या रात्रीची कल्पना करा. मजकूर माहितीपर, वेळ थोडा, आणि वाचन पडद्यावर. कागद जिथे सर्वाधिक उपयोगी पडावा, नेमका तिथेच तो हाताशी नसतो. मुलगा पीडीएफची साठ पाने वर सरकवत नेतो, सगळे ओळखीचे वाटते, तो निश्चिंत झोपतो. आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेवर लिहायला बसला की व्याख्या अर्ध्यावर तुटते. ‘एवढा अभ्यास करूनही गुण कसे नाहीत?’ हा घरातला कडू प्रश्न मग दोन्ही बाजूंना दुखावतो. मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटले होते की आपले वाचून झाले आहे.

कागद नेमके काय करतो, यावर पुष्कळ मते आहेत. मला सर्वांत पटणारे कारण अगदी साधे आहे. पुस्तकातील मजकुराला जागा असते. ‘ते सूत्र डाव्या पानावर खाली होते, शेजारी आकृती होती’ अशी आठवण आपण सर्वांनीच अनुभवली आहे. सरकत्या पडद्यावर ओळीला ठरलेली जागा नसते. शिवाय हाताला किती पाने झाली आणि किती उरली याचा अंदाज असतो, त्यामुळे वाचणारा आपला वेग सांभाळतो. मराठी माध्यमातील मुलांच्या वाट्याला तर आणखी एक त्रास येतो. आपल्याकडील कितीतरी मराठी नोट्स आणि पुस्तके जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली किंवा नुसती स्कॅन केलेली असतात. त्यांत शब्द टाकून शोध घेता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते. पडद्याचे सारे तोटे पदरात आणि त्याचा मुख्य फायदा मात्र नाही, अशी ही गत.

आता शरीराकडे वळू. आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा लवते आणि दर वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. पडद्यावर नजर खिळली की हे लवणे पुष्कळ कमी होते. डोळे चुरचुरणे, लाल होणे, संध्याकाळी अक्षरे पुसट दिसणे, कपाळ दुखणे यांचे मूळ बरेचदा या कोरडेपणात असते. दुसरी बाब अंतराची. पुस्तक आपण सहज हातभर अंतरावर, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास धरतो. मोबाइलवरचे अक्षर बारीक असल्याने तो नकळत आणखी जवळ येतो. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यांतील स्नायूंना तेवढाच अधिक जोर लावावा लागतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो, पाळणारे थोडे. घराला अंगण किंवा गच्ची असेल तर तिथे एक फेरी मारून येणे हा त्याचाच सोपा प्रकार आहे. आणि ‘निळा प्रकाश अडवणारा’ म्हणून जास्त पैसे घेऊन दिला जाणारा चष्मा घेण्यापूर्वी एवढे जाणून घ्या: २०२३मध्ये सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि डोळ्यांचा ताण कमी करण्यात अशा काचांचा साध्या काचांहून फायदा होत असल्याचे त्यात दिसले नाही. ते पैसे नंबर नीट तपासून घेण्यात आणि दोन पुस्तके विकत घेण्यात घातलेले बरे.

मानेचे गणित तर ऐकूनच दचकायला होते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो. मान जसजशी पुढे वाकते तसतसा तिच्यावरचा भार वाढत जातो. एका शल्यविशारदाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे साठ अंश वाकलेल्या मानेवर तो सत्तावीस किलोंच्या घरात जातो. हा कागदावर केलेला हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. तरी वसतिगृहातील खाटेवर भिंतीला टेकून तासन्‌तास मोबाइल वाचणाऱ्याला त्याची खूण पटेल. पुस्तक वाचतानाही मान वाकते, हे खरे. पण पुस्तक टेबलावर ठेवता येते, मांडीवर उशी घेऊन वर उचलता येते, आणि ते वाचायला दिव्याखाली यावे लागते. मोबाइल अंधारात, पांघरुणातही वाचता येतो. त्याची हीच सोय मानेला, डोळ्यांना आणि झोपेला महागात पडते.

झोपेविषयीचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत बोस्टन येथे बारा तरुणांना काही रात्री झोपण्यापूर्वी चमकत्या पडद्यावर आणि काही रात्री मंद दिव्याच्या उजेडात छापील पुस्तक वाचायला दिले. पडद्याच्या रात्री झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे प्रमाण घटले, झोप लागायला सरासरी दहा मिनिटे अधिक लागली आणि सकाळी सुस्ती राहिली. त्यांनी रोज चार तास पूर्ण उजेडाचा पडदा वापरला होता आणि माणसे बाराच होती. तेव्हा यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी वाचलेले मनात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. त्या झोपेला उशीर करणारी वाचनाची रीत अभ्यासाच्या मुळावर येते.

हे सारे वाचून कुणी पडद्याला हद्दपार करायला निघेल, तर त्याने सांगलीकरांना विचारावे. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा घराघरांतील वह्या-पुस्तकांचा आणि जुन्या नगर वाचनालयातील कितीतरी ग्रंथांचा लगदा झाला. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे स्कॅन केलेली असेल, ते वाचले, बाकीची गेली. साताऱ्याकडे वाईला मराठी विश्वकोशाचे काम चालत आले आहे. त्याचे खंड मांडीवर घेऊन निवांत वाचण्याचे सुख वेगळेच. पण एखादी नोंद शोधायची असेल, तर तोच विश्वकोश आता संकेतस्थळावर क्षणात उघडतो, आणि त्यासाठी कुणाला वाईला जावे लागत नाही. ज्या मुलाला डोळ्यांच्या अधूपणामुळे छापील अक्षर लावता येत नाही, त्याला तर अक्षर हवे तेवढे मोठे करणारा आणि मजकूर वाचून दाखवणारा पडदाच खरा सोबती. शोधायला, पडताळायला, साठवायला पडदा उत्तम. जे समजून घेऊन महिनाभर डोक्यात बाळगायचे आहे, त्याला कागद द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे घरी जमवायचे कसे? सगळी पीडीएफ छापायला लागू नका. खर्चही वाया जाईल आणि गठ्ठा धूळ खात पडेल. मुलाला किंवा मुलीला प्रत्येक विषयातील सर्वांत अवघड प्रकरण निवडू द्या. तेवढीच वीस-पंचवीस पाने दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून घ्या, कडेला लिहायला समास सोडून. ग्रंथालयातील पुस्तक परीक्षेच्या तोंडावर मिळणार नाही, ते सत्राच्या सुरुवातीलाच नावावर करून घ्यावे. वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तके निम्म्या किमतीत मिळतात, ती लाज न बाळगता घ्यावीत. जे पडद्यावरच वाचावे लागेल, त्यासाठी मोबाइलपेक्षा लॅपटॉप किंवा महाविद्यालयातील संगणक बरा. तोही नसेल तर मोबाइल आडवा करून कशाला तरी टेकवून ठेवावा, इंटरनेट बंद करावे आणि शेजारी वही घेऊन बसावे. हातात पेन असले की वाचणारा आपोआप थांबतो. पडद्यावर हे थांबणेच हरवते.

आणि जागा? सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या भिलारने ४ मे २०१७पासून ‘पुस्तकांचे गाव’ हे नाव मिळवले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावातील लोकांनी आपल्या राहत्या घरांच्या खोल्या आणि ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. कुणाच्या घरी कादंबऱ्या, कुणाकडे इतिहास, कुणाकडे बालसाहित्य. येणाऱ्याने बसावे, वाचावे. सुटीत मुलांना घेऊन महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबांनी तिथे अर्धा दिवस जरूर काढावा. मला मात्र भिलारचे कौतुक पुस्तकांच्या संख्येपेक्षा त्या मोकळ्या केलेल्या खोल्यांचे अधिक वाटते. आपल्या घरात टीव्हीला जागा असते, शीतकपाटाला असते; वाचणाऱ्याची ठरलेली खुर्ची आणि तिच्यावरचा दिवा किती घरांत असतो? पदवीला गेलेल्या मुलीने पीडीएफ खाटेवर लोळत वाचू नये असे वाटत असेल, तर बसायची जागा तिला कुणीतरी करून द्यावी लागेल.

वडगावसारखा भोंगा तुमच्या गल्लीत वाजणार नाही. घरातला दीड तास तुम्हाला ठरवता येईल, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, त्या वेळात आई-वडिलांचे मोबाइलही बाजूला राहतील. दुसरी, मुलाची छापील पाने सातच्या आधी टेबलावर आलेली असतील. साडेसातला ‘नोट्स मोबाइलमध्येच आहेत’ हे वाक्य ऐकण्यात काही अर्थ नाही. साडेआठ वाजले की ‘किती पाने झाली?’ असे विचारू नका. पाने उलटी ठेवायला सांगा, आणि म्हणा, "आज काय वाचलेस ते मला दोन मिनिटांत सांग बघू." तुम्हाला अर्थशास्त्र येत नसले तरी चालेल. सांगताना तो कुठे अडखळला, हे त्याचे त्यालाच कळेल, आणि नेमके ते पान तो पुन्हा उघडेल.